बैलांनी खाल्लेलं छप्पर

उघड्यावर पडलेली वस्तू दिसली की मिस्त्रीभाऊंचं डोकं फिरायचं. मग ती वस्तू कुणाची का असेना! वडशाहून जुन्या मोटरसायकलवर ते कुरखेड्याकडच्या खेड्यांत डिझेल इंजिनं दुरुस्त करायला येत. वाटेत एखाद्या अंगणात लोखंडी नांगर पडलेला आणि त्यावर कोंबड्या बसलेल्या दिसल्या, की गाडी तिथेच थांबवून थेट आत. "लेकराले सावलीत निजवता ना? मंग याले काऊन उन्हात टाकलं?" घरधनी "तुम्ही कोण बा?" म्हणेपर्यंत यांनी नांगर ओढत वळचणीखाली नेलेला असे. लोक त्यांना येडा म्हणत. खोटं कशाला बोलू, मीही म्हणत असे.

त्यांना बसलेलं मी पाहिलं नाही. चहासुद्धा उभ्यानं, बशी हातात घेऊन अंगणभर फेऱ्या मारत. "अहो बसा ना, मिस्त्रीभाऊ," म्हटलं की उत्तर तयार, "पानी अन् माणूस, बसलं का सडते." त्यांच्याशी दहा मिनिटं बोललं की आपल्याच पायांना मुंग्या येत. वाक्य अर्धं ओट्यावर आणि उरलेलं फाटकापर्यंत त्यांच्यामागे धावत पुरं करायचं.

मी तेव्हा गावात अंगणवाडी चालवायची आणि बायकांच्या बचत गटाची सचिव होते. गटानं धानाचं मळणी यंत्र घेतलं. बायकांच्या नावावर गावात आलेली ती पहिली वस्तू. पुरुषांना ते कसं खपणार? सभेत एक जण उठून म्हणाला, "एक पावसाळा टिकवून दाखवा. गंजलं तर मशीन आमच्या ताब्यात." आणि मी शहाणी, भर सभेत ठणकावून म्हणाले, "मंजूर!" घरी येऊन गटाची वही उघडली. टिनाच्या शेडला गटाकडे दमडी उरली नव्हती.

आम्ही मशीनला प्लास्टिक गुंडाळून ठेवलं होतं. मिस्त्रीभाऊ इंजिन बघायला आले आणि त्यांनी ते टराटरा फाडलं. "कोंडलं तर लोखंडाले घाम येते, बाई. वरून पानी नको, पण चारी बाजूनं हवा पायजे." त्याच दिवशी त्यांनी शेडचं काम काढलं. गावातल्याच बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, आणि बांबू. बल्ल्यांची बुडं आगीत भाजून जळक्या ऑइलमध्ये बुडवली, म्हणजे वाळवी लागत नाही. मशीनच्या चाकांखाली विटा आणि वर उताराचा मांडव. मांडवावर हातभर जाड तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा. विकत घेतली ती फक्त तार. आम्हा बायकांना त्यांनी असं राबवलं की दोन दिवस कंबर सरळ झाली नाही. जाताना बजावून गेले, "या तणसाले हात लावू नका."

आता आमच्याकडची रीत सांगते. आमच्याकडे धानाचं तणस दारच्या मांडवावरच ठेवतात आणि ढोरांना लागेल तसं ओढून घालतात. उन्हाळ्यात हात आपोआपच वर जातो. चैतात माझी गाय व्याली आणि घरचं तणस संपलं. वासरू उभं राहायला धडपडत होतं आणि गाय रिकामी गव्हाण चाटत होती. मी मशीनच्या मांडवावरून एक पेंढी ओढली. एकच, अशी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पाहते तर पलीकडच्या बाजूनं कुणीतरी ओढलेलं. विचारणार कोणत्या तोंडानं? जिला तिला वाटलं, एका पेंढीनं काय होतं! मिरगाला आठवडा राहिला तेव्हा खाली उभं राहून वर पाहिलं तर नुसते बांबू आणि आभाळ.

मिस्त्रीभाऊ आले, त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

"कोनं काढलं?"

सगळ्या बायका पायांकडे बघत उभ्या. माझी मान सगळ्यांत खाली. त्यांनी शेडला तीन फेऱ्या मारल्या आणि "बैलाले काय समजते, चारा कोनता अन् छप्पर कोनतं," एवढंच पुटपुटून गाडीला किक मारली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी ते ट्रक घेऊनच उगवले. घुग्घुसच्या भंगारवाल्याकडून खाणीत कोळसा वाहायच्या पट्ट्याचे जुने तुकडे आणले होते. काळं, जाड रबर, उन्हात नाकाला झोंबणारं. "घ्या! म्हना आता बैलाले, खाऊन दाखव!" बायका पोट धरून हसल्या. दोन दिवसांत छप्पर चढलं. त्या साली पाऊस धो धो पडला, पण मशीनला गंज शिवला नाही. पुढं सभेत अट घालणाऱ्या त्या गड्याचं धानसुद्धा आमच्याच मशीनवर आलं. मी मुद्दाम त्याला शेवटचा नंबर दिला.

पण माझ्या जिवाला चैन नव्हती. ते आले की ठरवायची, आज सांगायचंच. "मिस्त्रीभाऊ, एक बोलायचं होतं." "बोला ना, बाई, चालता चालता बोला. एटापल्लीले जाऊन राह्यलो, बोरचे पंप हायेत." असली गोष्ट चालत्या माणसाला कशी सांगायची? दोन वर्षं अशीच गेली. मग एटापल्लीहून ते ताप घेऊन आले आणि आठवड्याच्या आत गेले. मला कळायलाच उशीर झाला.

वडशाला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोजवळ, भाभींजवळ बसले. मागच्या पडवीवर फाटकं प्लास्टिक फडफडत होतं. भाभी म्हणाल्या, "ते पट्टे या पडवीसाठीच घ्यायचं ठरलं होतं. तुमच्या गावी नेले म्हणून मी महिनाभर बोलली नाई त्यायच्याशी." मला राहवेना. रडत रडत सगळं सांगून टाकलं, "भाभी, पहिली पेंढी मी काढली होती."

त्यांनी ओढणीनं डोळे पुसले. "नाव नोतं मालूम त्यायले. पन त्या दिवशी घरी आले अन् मले विचारलं, पहिली पेंढी कोनं काढली असन? मी म्हटलं, जिच्या घरी गाय व्याली असन, तिनं."

"मग काय म्हणाले?"

"अंगनात एक फेरी मारली. मंग म्हने, तिनं बरोबर केलं. छप्पर मीच चुकीचं टाकलं."