हळू सुटणारं औषध

चंद्रपूरच्या कॉलेजात एम.फार्म.ची दोन वर्षं मी जिलेटिनशी भांडण्यात घालवली. जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला हा पदार्थ गरम पाण्यात विरघळतो आणि गार झाला की थिजतो. त्यात दम्याचं औषध मिसळायचं, मिश्रण सिरिंजनं कोमट तेलात थेंबथेंब सोडायचं, तेल सारखं घुसळत ठेवायचं आणि मग भांडं बर्फात बसवायचं. थेंबांचे रव्याहून बारीक कण होतात. ते औषध धरून ठेवतात आणि हळूहळू सोडतात. पुस्तकात हे सगळं सोपं असतं. आमच्याकडे मे महिन्यात नळाचं पाणीच असं तापलेलं असायचं, की थिजायच्या आधीच कण एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा व्हायचा. बर्फ मी मासळी बाजारातून आणायचे. पिशवीला वास यायचा आणि मैत्रिणी विचारायच्या, आज काय, झिंगे का?

कण पक्के करायला एक उग्र रसायन लागतं, डोळ्यांतून पाणी काढणारं. ते कमी पडलं की सगळं औषध पहिल्या तासातच बाहेर. माझं कायम तसंच व्हायचं. सर तक्ता बघून म्हणायचे, "दिवसभराचं औषध एकदम सोडतेस. पेशंट मारशील." मी हसायचे.

दमा मी उगाच निवडला नव्हता. बाबांनी मार्कंड्याजवळच्या आमच्या गावी राइस मिलमध्ये उभा जन्म काढला होता आणि कोंड्याच्या धुळीनं त्यांची छाती कामातून गेली होती. दिवसातून तीनदा गोळी असायची, दुपारची ते हमखास विसरायचे. माझे कण काही त्यांच्यापर्यंत पोहोचणार नव्हते, पण हळूहळू सुटणारी, दिवसातून एकदाच घ्यायची गोळी दुकानात मिळत होती. मी डॉक्टरांच्या मागे लागून ती लिहून घेतली आणि पाकीट घेऊन ऐटीत घरी गेले. आईला समोर बसवून अर्धा तास समजावलं, औषध पोटात कसं थांबून थांबून सुटतं ते. "मंग हे त चांगलंच झालं," आई म्हणाली.

पंधरा दिवसांनी तिचाच फोन आला. बाबांना उलट्या होत होत्या, छाती धडधडत होती, हात थरथरत होते. मी गडचिरोलीच्या दवाखान्यात पोहोचले तोवर ते गेले होते. हृदय बंद पडलं, असं कागदावर आलं. वय होतं, दमा होता, कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मलाही नाही.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना आटोपल्यावर, गावातल्या बाया आईभोवती बसल्या होत्या आणि मी चहा देत होते. आई सांगत होती, "त्याइले गोळी गिळता येत नव्हती, मोठी होती ना ते. मी रोज दगडावर बारीक करून पेजेत देत होती. बारीक केली का लवकर लागू होते. एक दिवस चुकवली नाई."

कपबशा खाली ठेवाव्या लागल्या मला. आमच्या घरात औषध म्हणजे दगडावर उगाळलेलंच असायचं. वैदूची मुळी असो की ताप आल्यावरची गोळी, आई उगाळायची आणि मी बोटानं चाटायचे, सगळं लहानपण तसंच गेलं. जगभरचं वाचलं, आणि आपल्याच घरात औषध कसं घेतात तेवढं विसरले. बाबा रोज सकाळी दिवसभराचं औषध पेजेच्या घोटांत एकदम घेत होते. माझ्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानात 'गोळी फोडू नको' हे तीन शब्द नव्हते. दोष तिचा नव्हता, माझा होता. आजही आहे.

बाया गेल्यावर आईनं उरलेलं पाकीट काढलं. शेजारच्या म्हातारीलाही दमा होता. "हे तिले देऊन टाकू का? बारीक कशी कराची ते मी सांगून देईन."

"नको. ते अख्खीच गिळा लागते, बारीक नाई कराची."

बोलून गेले आणि जीभ चावली.

"काऊन?" आईनं विचारलं.

मी पाकीट तिच्या हातातून घेतलं. "जुन्या झाल्या ह्या," म्हणाले. गोळ्या मीच आणल्या होत्या, महिनाही झाला नव्हता, आणि ते तिला माहीत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली.

तिनं पुन्हा विचारलं नाही. डोळ्यांत टाकायच्या थेंबासाठीसुद्धा मला फोन करणारी माझी आई. त्या दिवसापासून तिनं मला औषधाबद्दल काहीच विचारलेलं नाही.