गुरुवारच्या शाळेतलं शिंग

मास्तरकाकांनी नवी कवळी बसवून घेतली आणि माझं नशीब उघडलं.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे पोटापाण्यासाठी कोकणातून वर आलेले मराठी ज्यू. पिंपरीहून पुण्याचं सिनेगॉग लांब पडायचं. म्हणून सिनेगॉगच्या मंडळींनी आमच्या चाळीतल्या एका खोलीत मुलांसाठी धर्माची शाळा काढली होती. आमच्याकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून शाळाही गुरुवारची. भोसरी-आकुर्डीहून वडीलमंडळी मुलांना सायकलच्या दांडीवर बसवून आणून सोडायची. शिकवायचे मास्तरकाका. कंपनीतून निवृत्त झालेले, प्रेमळ, पण पाठ चुकला की पाठीत धपाटा ठरलेला.

रोश हशाना हा आमच्या नव्या वर्षाचा सण. त्या दिवशी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजवतात आणि ते ऐकणं प्रत्येकाचं कर्तव्य असतं. दरवर्षी मास्तरकाकाच वाजवायचे. यंदा सणाच्या महिनाभर आधी वर्गात त्यांनी शिंग ओठांना लावलं, गाल फुगवले आणि नुसतंच फुस्स झालं. कवळी जागची हलली. वर्ग हसून लोळायला लागला.

"हसा, हसा," ते कवळी सावरत म्हणाले. "तेरा वर्षं पूर्ण कोणाची झालीत? वाजवणार आता तोच."

तेरा पूर्ण झाली की आमच्यात मुलगा धर्मकार्यात मोठा धरतात, आणि नुकतीच झाली होती ती फक्त माझी!

मी घरी धावत सुटलो. सुट्टी म्हणून बाबा घरीच, पायरीवर बसले होते. कोकणातल्या खेड्यात त्यांची चौथीही धड झाली नव्हती. हिब्रू तर त्यांना अजिबात वाचता यायचं नाही. इतरांचे ओठ पाहून ते प्रार्थना म्हणायचे. मी बातमी सांगितली तर ते उठूनच उभे राहिले.

"तू वाजवणार? सगळ्यांसमोर?" त्यांनी विचारलं. "मग मी रजा टाकतो. मला पहिल्या रांगेत बसायचंय."

शिंग मास्तरकाकांच्या कपाटात कुलपात असायचं, फक्त गुरुवारी हातात मिळायचं. मग घरी सराव कशावर? चुलीच्या फुंकणीवर. तेकिया म्हणजे एक लांब सूर, शेवारीम म्हणजे तुटक हुंदके, तेरुआ म्हणजे भराभर ठोके. आई म्हणायची, "अरे, निदान राख तरी झाड आधी!" माझ्या मिशीच्या जागी रोज राखेची मिशी असायची. दूध घालायला येणाऱ्या गावातल्या मावशी एकदा दारातच बसल्या.

"पोरा, तुज्या त्या आवाजानं माजी म्हस बिथरती. तिला वाटतं रेडा आलाय. दूध कमी आलं तर माज्या नावानं बोंबलायचं न्हाई, हाय का कबूल?"

सणाच्या आदल्या गुरुवारी रंगीत तालीम झाली. शिंगातून असा सूर निघाला की खिडकीवरची कबुतरं उडाली. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मास्तरकाका खूश होऊन पंचांग बघायला गेले आणि तिथेच थबकले.

"अहो, सण शनिवारी आलाय. शब्बाथला!"

"मग? मी शनिवारचीच रजा टाकलीय," बाबा म्हणाले.

"शब्बाथला शोफार वाजवत नाहीत. शिंगाला हातही लावायचा नाही. वाजेल ते दुसऱ्या दिवशी, रविवारी."

शनिवार सणाचा, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात होतं. शनिवार म्हणजे शब्बाथ, आमचा आठवड्याचा पवित्र विसाव्याचा दिवस, हे दर शुक्रवारी त्याचा दिवा लावणाऱ्या आम्हालाच सुचलं नव्हतं! शुक्रवारी बाबांनी रजा बदलून मागितली. सुपरवायझर म्हणाला, "रविवारची यादी भरली, राव. शनिवार घ्यायचा तर घ्या, नाहीतर तोही सोडा."

मला रडूच आलं. मास्तरकाकांनी माझा खांदा दाबला. "रडतोस काय! सूर्य मावळेपर्यंत कधीही ऐकलं तरी चालतं. शिफ्ट साडेतीनला सुटते ना? बापासाठी पुन्हा वाजव."

शनिवारी बाबा दिवसभर घरी होते. मनुकांचं शरबत झालं, हलवा झाला, प्रार्थना झाली. शिंग मात्र कपाटात.

रविवारी सकाळी शाळेची खोली गच्च भरली. मी वाजवलं, आणि चांगलं वाजवलं. बायकांनी कौतुकाने बोटं ओठांना लावून माझ्याकडे केली. माझा खालचा ओठ मात्र सुजून टम्म झाला. मी त्याच्यावर ओला रुमाल धरून साडेतीनची वाट पाहू लागलो.

भोंगा झाला. सायकलींचा लोंढा आला आणि गेलाही. बाबा नव्हते. त्यांच्या खात्यातला एक जण सांगून गेला, "त्यांचा रिलिव्हर, पुढच्या शिफ्टचा माणूस, आलाच नाही. मशीन सोडून येता येत नाही त्यांना."

आता अख्खी गुरुवारची शाळाच कामाला लागली. एक जण कंपनीच्या रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिला, दुसरा पिठाच्या गिरणीपाशी, तिसरा चाळीच्या फाटकात. बाबा दिसले की ओरडायचं, पुढच्याने ते पुढे पोचवायचं. मास्तरकाका गॅलरीत, डोळ्यांवर हात धरून. सूर्य कंपनीच्या पाण्याच्या टाकीमागे गेला, टाकीखालून पुन्हा दिसू लागला. मी शिंग छातीशी धरून बसलो होतो.

आणि गिरणीकडून आरोळी आली, "आलेऽऽ!" फाटकातून आली, "आलेऽऽ!"

बाबांनी सायकल भिंतीवर टाकली आणि ते जिना धावत चढले. कपडे कामाचेच, हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. ते मोरीकडे वळले तसे मास्तरकाका कडाडले, "हात नंतर धुवा! सूर्य थांबायचा नाही!"

बाबा तसेच पहिल्या रांगेत उभे राहिले, हात अंगापासून लांब धरून. आईने त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. मी बेराखा, म्हणजे वाजवण्याआधीची आशीर्वादाची प्रार्थना, म्हटली. ओठ ठणकत होता. पहिली फुंक वाया गेली. फुस्स. मागे कोणीतरी हसलं आणि दुसऱ्याने त्याला चापट मारली. मी ओठांचा दुखरा कोपरा सोडून शिंग जरा बाजूला घेतलं, फुंकणीवर घ्यायचो तसं, आणि तेकिया निघाली. लांब, सरळ, गॅलरीतून बाहेर. मग शेवारीम. मग तेरुआ.

"झालं," मास्तरकाका म्हणाले. "तुमचं कर्तव्य पूर्ण झालं."

"ते झालं हो," बाबा म्हणाले. डोळे पुसायला त्यांना हात मोकळे नव्हते. "पण अजून उजेड आहे. पुन्हा वाजव रे."

पुढे मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. त्या समारंभाला बाबा पहिल्या रांगेत होते, हात स्वच्छ धुऊन. पण मला जास्त आठवतो तो रविवार. दुसऱ्यांदा वाजवून झाल्यावर रीतीप्रमाणे मी हातबोशीला पुढे झालो. थोरांचे हात हातात घेऊन मग आपली बोटं ओठांना लावायची, ही आमची पद्धत. बाबांनी हात मागे घेतले. "नको रे, घाण आहेत."

मी ते ओढूनच घेतले. कितीतरी वेळ माझ्या सुजलेल्या ओठाला ग्रीसची चव होती आणि मी ती पुसली नाही.