मधुकररावांचं पान

कालिंदी सबनीसच्या तोंडाचा पट्टा सुटला की मंडळातले भलेभले चहाच्या निमित्ताने उठून जात. नवऱ्याची बँकेतून बदली होऊन ती बालीगंजला आली, तेव्हापासून कोलकात्याच्या या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या स्मरणिकेची पानं तीच लावते. सव्वीस वर्षं, आणि तीही फुकट. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला नखाएवढा फोटो कुणी पानभर मागितला की तिचं डोकं फिरतं.

यंदा तो मागितला कुसुमने, म्हणजे आगीत तेलच. मंडळाच्या नाटकात कालिंदीने नायिकेचं काम दुसरीला दिलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पण जानेवारीत कुसुमचे मधुकरराव गेले. श्रद्धांजलीच्या पानावर त्यांचा हसरा चेहरा मोठा दिसावा, एवढंच तिचं म्हणणं होतं. आलेला फोटो चारशे ऐंशी ठिपके, म्हणजे पिक्सेल, रुंद होता. पाच इंच नीट छापायचा तर पंधराशे ठिपके लागतात.

कालिंदीने सेक्रेटरी दिलीपकडून निरोप धाडला, यात दीड इंचाचा फोटो होईल, मोठा हवा तर मूळ पाठवा. मेलेल्या माणसावरही डूख धरते बया, असं उलट उत्तर आलं. मग कुसुमचा मुलगा अमेय, न्यू टाउनला आयटीत असलेला, त्याने फाइलमधला इंचाला किती ठिपके हा बहात्तरचा आकडा तीनशे करून पाठवला. एकूण ठिपके तेवढेच होते. पुढच्या खेपेला त्याने कुठल्याशा अ‍ॅपमधून फोटो मोठा केला. आता ठिपके पुरेसे होते, पण नसलेले ठिपके यंत्राने मनाने भरले होते. मधुकररावांचा वाकडा दात सरळ झाला होता आणि भुवईवरचा व्रण गेला होता.

"हे मधुकरराव नाहीत," कालिंदी दिलीपला म्हणाली.

छापून टाका, तुमचं काय जातं, असं दिलीप म्हणाला. गुरुवारी फाइल छापखान्यात द्यायची होती. खरंच, तिचं काय जात होतं? बघू दे त्या कुसुमला जन्मभर परक्याचं तोंड, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराने तिला बरंही वाटलं. पण नंतर तो गुळगुळीत चेहरा तिला बघवेना. तिने अकरा वर्षांत पहिल्यांदा कुसुमला फोन लावला.

"हा फोटो कापलेला आहे. कडेला कुणाच्या तरी साडीचा काठ दिसतोय. मूळ का देत नाहीस?"

"तुला नसत्या चौकशा कशाला?" म्हणत कुसुमने फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी मूळ फाइल आली. नाटकाच्या आदल्या वर्षीची बराकपूरची सहल, नदीचा घाट. मधुकरराव वाकड्या दातासकट खदखदून हसत होते. त्यांच्या शेजारी कालिंदी, आणि तिने पलीकडच्या कुसुमच्या गळ्यात हात टाकलेला. दोघींचं काहीतरी खुसखुस चाललं होतं आणि मधुकरराव त्यांच्याकडेच बघत होते.

फोटोखाली कुसुमने एकच ओळ लिहिली होती. "तुझं तू काप."

ठिपके भरपूर होते, काही वाढवावं लागणार नव्हतं. कालिंदीने मधुकररावांच्या खांद्यालगत चौकट ओढली आणि स्वतःला कापलं. तिच्याबरोबर कुसुमही गेली. पाच इंचांत मधुकरराव स्वच्छ आले, भुवईवरच्या व्रणासकट. ते कुणाकडे बघून हसताहेत, ते मात्र पानावर कुणाला कळलं नसतं.