गौसची देवयानी

शिवाजी पेठेतल्या एका फोटोच्या दुकानात गौस शिकलगारानं पंचवीस वर्षं माणसं देखणी केली. देवीचे व्रण, तीळ, कपाळावरची आठी, सगळं तो निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिलीनं भरायचा नाहीतर पात्यानं खरडायचा. त्याची किंमत डोळ्यांनी चुकवली. पंचेचाळिशीत काचबिंदूनं गाठलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षं उजेड दिसेल, पुढं नाही.

अशा वेळी शहाणा माणूस पोरीबाळींची लग्नं उरकतो. गौसनं भलतंच डोक्यात घेतलं. पेठेतल्या नृसिंह मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, की देवयानीच्या चांदण्यांजवळ एक पुसट ठिपका आहे, तो म्हणजे दुसरी आकाशगंगा, आणि साध्या कॅमेऱ्याच्या भिंगालाही ती सापडते. गौसच्या डोळ्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं. पण काचेवर उतरवली, तर मोठी छापून, नाकाशी धरून पाहता आली असती. डोळे जायच्या आत ती एकदा बघायची, एवढंच त्याला हवं होतं.

आभाळ सरकतं, म्हणून त्यानं दोन फळ्या बिजागरीनं जोडल्या. बिजागरी ध्रुवाच्या रोखानं ठेवायची आणि स्क्रू हळूहळू फिरवायचा, की वरच्या फळीवरचा कॅमेरा चांदण्यांबरोबर सरकतो. गगनबावड्याला एस.टी.नं जाऊन पहिल्या वर्षी तो धुकं बघून परतला. दुसऱ्या वर्षी हात चुकला आणि करायला गेला गणपती, झाला मारुती, चांदण्यांच्या रेघा उमटल्या. पेठेनं त्याला खुळ्यात काढलं.

त्रेपन्न सालच्या कार्तिक अवसेला मात्र आभाळ धुतल्यासारखं होतं. उजवा डोळा तोवर गेला होता. मास्तरांनी कॅमेरा देवयानीवर रोखून दिला आणि गौसनं आकडे मोजत चाळीस मिनिटं स्क्रू फिरवला. दुसऱ्या दिवशी काच धुऊन झाली. निगेटिव्हवर चांदण्या काळ्या उमटतात; त्या ठिपक्यांत बोट दाखवून मास्तर म्हणाले, आली बरं का. शुक्रवारी मोठी छापायचं ठरलं. गौसनं काच घरी वाळत ठेवली आणि घाटावरच्या थंडीनं जो आडवा झाला, तो पाच दिवस तापात पडून राहिला.

आता गौसच्या बायकोचं, हुसेनबीचं सांगायला हवं. त्याचे डोळे अधू झाल्यापासून दुकानाचं खरडकाम तीच घरी बसून करायची, मालकाच्या नकळत. काम गौसनंच शिकवलेलं. लग्नसराईत नवराबायकोच्या फोटोत चंद्रकोर घालायची टूम निघाली होती. मोकळ्या काचेवर कोपऱ्यात कोर रंगवायची आणि ती काच जोडप्याच्या काचेवर ठेवून छापायचं. धनी आभाळ बघायला जातात, एवढंच हुसेनबीला ठाऊक होतं; आभाळ काचेवर उतरतं, हे नाही. तिला वाटलं, ही काच त्या कोरीसाठीच आणलीय. पण तिच्यावर शेकडो काळे ठिपके. छापलं तर सगळे नवरीच्या तोंडावर उठणार. धनी आंधळेपणानं धुळीची काच घेऊन आले, आणि मालकानं बघितली तर नोकरी जाणार, हे तिच्या मनानं घेतलं. तीन दिवस खिडकीत बसून तिनं एकेक ठिपका खरडला आणि कोपऱ्यात नाजूक कोर काढली.

ताप उतरल्यावर तिनं काच मोठ्या हौसेनं त्याच्या हातात दिली. गौसनं ती उजेडाकडे धरली, मग डोळ्याला टेकवली. चंद्राखेरीज काही नव्हतं. पुढच्या कार्तिकापर्यंत डावा डोळा टिकणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण ओरडणार कुणावर? ठिपका दिसला की खरडायचा, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

काच खाली ठेवत त्यानं विचारलं, "मधी एक पुसट डाग हुता काय गं?"

"व्हय की. लांबट हुता. जळल्या वातीगत. मधी दाट, कडंला इरघळल्यावानी. लई येळ बघत बसलेते त्याच्याकडं."

गौसनं तिला पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. हुसेनबीला वाटलं, धनी काम तपासतायत.

"घोर करू नगा," ती म्हणाली. "तेवडा तर मी दोनदा खरडलाय. आता हुडकून बी घावायचा न्हाई."

बरं केलंस, म्हणाला गौस.