लोबो सरांचे जिने

लोबो सर गेल्याचं त्यांच्या बहिणीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते असं की, गुरुवारी सुनावणीला आता कोण जाणार? लाज वाटली. बावीस वर्षं परळच्या एका कॉलेजात एकत्र काढलेला माणूस, आणि आठवलं काय तर काम!

सर अकाउंट्स शिकवायचे, मी ऑफिसच्या खिडकीत. आमच्याकडे बारावीच्या मुलांना दुपारी पदवीचे दोन विषय करता येतात. पुढे ते धरले जातात, वर्ष हलकं होतं. फी मात्र दणदणीत. सवलत हवी तर अधिवास दाखला लागतो, आणि त्यासाठी जन्माचा पुरावा. जूनमध्ये दीपाचा अर्ज आला. मुलगी हुशार, आईबाप नाहीत, लालबागला आत्याकडे राहते. तिचा जन्म वरळीच्या बीडीडी चाळीत, टॅक्सी यायच्या आत, खोलीतच झालेला. नोंद दुसऱ्या कोणीतरी केली असेल असं घरात प्रत्येकाला वाटलं. शाळेच्या दाखल्यात जन्मस्थळापुढे नुसती रेघ. मी अर्ज परत केला.

सर तोच अर्ज घेऊन खिडकीशी आले. "सावंत, हमीपत्रावर घे. कागद मी आणतो." मी म्हटलं, "सर, ऑडिटला उत्तर मला द्यावं लागतं." ते रागावले नाहीत. प्रवेश नसतानाच दीपाला वर्गात मागच्या बाकावर बसवलं आणि दुपारनंतर साक्षीदार शोधायला लागले. उशिराची जन्मनोंद करायला बाळंतपण पाहिलेलं कोणीतरी लागतं. पण चाळ पुनर्विकासाला गेलेली, शेजारी कुठे कुठे पांगलेले. एका पत्त्यावरून दुसरा मिळवत सर फिरत राहिले. साठीजवळ आलेला, छातीचं दुखणं असलेला माणूस. लिफ्ट बंद असली तर जिना चढायचे, वर कुलूप असलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. घाम पुसत ऑफिसात यायचे आणि माझ्याच टेबलावरचं पाणी प्यायचे... मला त्याचा वैतागच यायचा, खरं सांगतो.

शेवटी दीपाच्या आईचं बाळंतपण केलेल्या शेजारच्या पारकरआजी सापडल्या. जन्मनोंदीच्या सुनावणीची तारीख मिळाली त्या दिवशी सर म्हणाले, "मला जमलं नाही तर तू जाशील ना?" मी म्हटलं, "बघू." आमचं शेवटचं बोलणं ते.

गुरुवारी आजींना आणि दीपाला घेऊन मी दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत गेलो. काय पुरावा आहे, असं साहेबांनी विचारलं. आजींनी दीपाचा हात धरून पुढे केला. "ह्यां चेडू माझ्याच हातात इलां. नाळ मियांच कापलंय. आणखी काय होया?" साहेबांनी लिहून घेतलं. आदेश निघायला वेळ लागेल म्हणाले. सवलतीची मुदत तर शनिवारी संपत होती.

शुक्रवारी दीपाकडून तोच अर्ज मागून घेतला. मागे हमीपत्र जोडलेलं होतं, जूनमध्ये मी उलटूनही पाहिलं नव्हतं. जामीनदाराच्या जागी सरांची सही. गेलेल्या माणसाची हमी चालत नाही, हा नियम मला तोंडपाठ. खोडायला हात धजेना. तिच्याखाली मी माझी सही केली आणि अर्ज आत घेतला. दोन मिनिटंही लागली नाहीत. जूनमध्येच केली असती, तर सरांना एवढ्या घाईने एवढे जिने चढावे लागले नसते.