सुक्या मासळीशेजारी विज्ञान

मी दहावी पास झाले ती घिवलीच्या एका मुलीमुळे. हे आधीच लिहिते, म्हणजे मीच फार हुशार, असं कुणाला वाटायला नको.

माझी शाळा आठवीत सुटली. परभणीकडून इकडे तारापूरला कंपनीत पॅकिंगला लागले; सरावलीत चौघींत एक खोली. मशीनवर जायचं तर दहावी पाहिजे, असं सुपरवायझर म्हणाले, म्हणून बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. घरी कळवलं नाही. नापास झाले तर आईला काय सांगू, ही धास्ती.

खोलीतल्या बिहारच्या मैत्रिणीने मोबाईलवर विज्ञानाचे हिंदी व्हिडिओ लावून दिले. कामावर हिंदी ऐकून ऐकून मला ते समजतही होते. दिवाळीपासून तेच पाहिले, वहीत उतरवून घेतले.

बाजारात घिवलीच्या एक मावशी सुके बोंबील विकायच्या. त्यांची मुलगी माझ्यासारखीच दहावीला, शाळा सुटली की आईशेजारी बसून मोबाईलवर अभ्यास करायची. मावशी गिऱ्हाइकाला सांगायच्या, "हिला भाव नका विचारू, ही मोबाईलला विचारल नि मग सांगल." एकदा बोंबील घेताना मी तिला माझी वही दाखवली, थोड्या कौतुकाच्या आशेनेच. तिने पानं चाळली, दप्तरातून पुस्तक काढून ताडून पाहिलं.

"ताई, यातलं निम्मं आपल्याला नायच. हे दुसऱ्या बोर्डाचं हाय."

परीक्षा तोंडावर आलेली. मला तिथेच रडू आलं. तिने माझ्या मोबाईलवर आपल्या बोर्डाचं पुस्तक उतरवून दिलं. ते फुकट मिळतं हेही मला ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, आधी पुस्तकातला धडा वाचायचा, मग त्याच धड्याचा व्हिडिओ लावायचा. प्रश्न आला की थांबवायचं, आपण लिहायचं, मगच पुढे बघायचं. तिच्या वर्गातल्या मुलींनी चुका करत करतच हे शोधलं होतं.

"नुसतं बगताना समदं येतं, ताई. पेपर हातात आला का काय नाय येत."

पुढे ड्युटी सुटली की मी तिथेच जाऊन बसायचे. मावशींनी बसायला गोणपाट दिलं, वर कुरकुरही केली की बोंबील सोडून इथे शाळाच भरली.

निकाल लागला. विज्ञानात काठावर, पण पास. त्याच दिवशी आईला फोन केला. आता मी मशीनवर आहे.

ती मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जायचं म्हणते, कुठल्या तरी लांबच्या शहरात. परक्या गावातले पहिले दिवस कसे जातात, ते मला माहीत आहे. ती जाईल तेव्हा मी रजा टाकून सोबत जाईन, खोली बघेन, तिचा जीव रमेपर्यंत तिच्याजवळ राहीन. हा माझा शब्द.