एका बागेला एकच नाव

माझ्या नाकावर राग असतो, असं घरीदारी सगळे म्हणतात. असू दे. दिवसभर कम्प्युटरकडून स्वतःच्या चुका काढून घ्यायच्या आणि वर हसतमुख राहायचं, हे ज्याला जमतं त्यानं माझ्या खुर्चीवर येऊन बसावं.

नाशिकहून मी रोज स्कूटरनं दिंडोरी रोडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये जाते. आत बायका कात्रीनं खराब मणी काढतात, घड वजन करून पेट्यांत भरतात. मी बाहेरच्या खोलीत. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरबरोबर एक एक्सएमएल फाइल जाते. बाग कुठली, शेतकरी कोण, काय फवारलं, माल कधी काढला, हे सगळं त्या फाइलीत नावानिशी ठरलेल्या जागी बसवायचं. खरेदीदारानं नियमांची एक वेगळी फाइल दिलेली असते. काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड टाइप करून एंटर मारलं, की आपली फाइल त्या नियमांशी ताडून बघितली जाते. चूक असली तर कितव्या ओळीत ते येतं, नसली तर फाइल व्हॅलिड. तिथे वशिला नाही, गयावया नाही. आपण तारीख दिवसापासून लिहितो, नियमांच्या फाइलीला वर्षापासून हवी. सुरुवातीला एवढ्यावरून मी किती चरफडलेय!

माझ्या माहेरचा मालही इथेच येतो. पिंपळगावच्या अलीकडे आमची बाग आहे, माझ्या वडिलांनी आणि काकांनी मिळून लावलेली. वाटणी झाली नाही आणि कुणी विषयही काढला नाही. लग्नाच्या पत्रिकेपासून बागेच्या फाटकावरच्या पाटीपर्यंत नावं दोघांची, आधी वडिलांचं, मग काकांचं. फाइलीतही त्या बागेखाली शेतकरी म्हणून दोघं जायचे. कधी अडलं नाही.

मग एका जानेवारीत खरेदीदारानं नियमांची नवी फाइल पाठवली. मी कमांड मारली आणि पडद्यावर आलं, की शेतकरी हा घटक इथे अपेक्षित नाही. ती ओळ उघडून बघते तर काकांचं नाव. म्हणे अपेक्षित नाही! ज्या माणसानं त्या वेलींच्या मागे उन्हातान्हात कंबर मोडून घेतली, तो अपेक्षित नाही. मी चिडून खरेदीदाराच्या मुंबईच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, आता एका बागेला एकच शेतकरी, जबाबदारी एकाचीच. आणि कंटेनर तर संध्याकाळी निघायचा होता.

मी वडिलांना फोन केला. तेव्हा मला गंमतच वाटत होती. म्हटलं, "नाना, तुमचा आणि काकांचा काडीमोड झाला बघा. कम्प्युटरला एकच नाव पायजे."

वडील हसले. "त्याचं टाक. दिवस उगवल्यापासून बागेत तोच असतो."

काकांना लावला, तर ते माझ्यावरच खेकसले. "येडी का काय तू? दादा बसलेला असताना माझं नाव? दादाचंच टाक."

झालं, दोघं हट्टाला पेटले. इकडे ट्रकवाला हॉर्न मारून माझं डोकं उठवतोय. शेवटी मी काकांना म्हटलं, एकत्र बसा, पण काहीतरी ठरवा. तेवढ्यात काकूनं त्यांच्या हातातून फोन घेतला. "हे दोघं एकमेकाला देत्यात ते लय चांगलं हाय गं. पण उद्या कुणी विचारलं बाग कुणाची, तर आमच्या पोरांनी काय सांगायचं?"

वडील तोवर तिथेच येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते ऐकलं. काकूला ते दिसले होते की नव्हते, देव जाणे. दुधात मिठाचा खडा पडायचा तो पडला. वडिलांनी फोन घेतला आणि शांतपणे म्हणाले, "दोन बागा कर. रस्त्याकडच्या ओळी माझ्या, विहिरीकडच्या त्याच्या. कागदावरच करायचंय ना? कागदाला काय कळतं."

मी दोन बागा केल्या, दोन नंबर दिले, प्रत्येकीखाली एकेक नाव घातलं. फाइल व्हॅलिड झाली आणि ट्रक गेला.

पुढच्या हंगामात माल काढायच्या आधी औषधांचा अंश तपासायला नमुने नेले. बागा दोन, म्हणून नमुनेही दोन. वडिलांचा पास झाला आणि काकांचा नापास. शेजाऱ्यानं टोमॅटोवर काहीतरी मारलं होतं, ते वाऱ्यानं विहिरीकडे आलं असावं. एकच बाग असती तर जे व्हायचं ते दोघांचं झालं असतं. आता वडिलांची द्राक्षं परदेशी गेली आणि काकांची मिळेल त्या भावानं इथल्या बाजारात.

वडिलांनी एवढंच म्हणायचं होतं, की येईल ते निम्मं निम्मं. मी मुद्दाम जाऊन सांगितलं. म्हणाले, "माझी ना कुठं हाय? त्यानं एकदा म्हणावं तरी." तशीच काकांकडे गेले. ते म्हणाले, "मागून घ्यायला मी काय परका हाय?" रोज एकाच ओट्यावर उठणारी-बसणारी ही दोन माणसं! दोघांना धरून गदागदा हलवावं असं वाटलं मला. पण तोंड कुणीच उघडलं नाही. ऑक्टोबरच्या छाटणीला काकांनी आपली मजुरांची वेगळी टोळी आणली आणि रस्त्याकडच्या आणि विहिरीकडच्या ओळींच्या मधे हिरवी जाळी बांधून टाकली. माझी आई ती जाळी बघून दिवसभर जेवली नाही.

या वर्षी खरेदीदारानं नियम पुन्हा बदलले. ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या म्हणे, म्हणून आता एका बागेला कितीही नावं चालतील. अगं बाई, मला इतका आनंद झाला! कुणाला काही सांगायच्या आधीच मी पूर्वीसारखी एक बाग केली, तिच्याखाली दोन नावं घातली, आधी वडिलांचं, मग काकांचं, आणि एंटर मारलं. व्हॅलिड. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. मग वडिलांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "त्यानं विचारलं का?"

"नाही हो, मीच करतेय."

"मग राहू दे."

मी काकांना लावला. त्यांचाही पहिला प्रश्न तोच, "दादा काय म्हणला?"

होय म्हणाले, असं खोटं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण संध्याकाळी ओट्यावर ते उघडं पडलं असतं आणि होतं नव्हतं तेही गेलं असतं. मी म्हटलं, "राहू दे म्हणाले."

मागे पाण्याची मोटर चालू होती, काकांनी ती आधी बंद केली. मग म्हणाले, "दादा म्हणतो तसंच कर. त्याचा शब्द मी आजपर्यंत कधी मोडला नाय."

मी बागेखालचं काकांचं नाव पुसलं, खाली त्यांची वेगळी बाग परत लिहिली आणि कमांड मारली. तीही व्हॅलिड निघाली.